चुकलेला तास जोडून का मिळत नाही? रायडिंगची फी आणि तिचा हिशेब

पालकहो, नमस्कार.

"आज जमत नाहीये, पुढच्या वेळी दोन तास सलग द्या ना." हा निरोप आम्हाला इतक्यांदा येतो, की दर वेळी फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच कागदावर लिहून काढलेलं बरं. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: "मूल घोड्यावर बसतं जेमतेम अर्धा तास, मग फी एवढी कशी?" खरं तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. फी अर्धा तास बसण्याची नसते. घोड्याच्या अख्ख्या दिवसाचा जो खर्च असतो, त्यातला तुमच्या मुलाचा तो वाटा असतो. दिवस संपला की तो वाटाही खर्ची पडलेला असतो, मूल आलेलं असो वा नसो.

फीचा तक्ता मागच्या पानावर आहे. इथे फक्त पैसे कुठे जातात ते सांगतो.

चारशे किलो वजनाचा घोडा रोज साधारण आपल्या वजनाच्या दोन टक्के सुकी वैरण खातो, म्हणजे आठ किलोच्या आसपास. काम करणाऱ्या घोड्याला वर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक. पाणी २५ ते ४५ लिटर, उन्हातलं काम असेल तर आणखी. त्याचे खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतात, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवावं लागतं. जुने नाल काढायचे, खूर तासायचे, पुन्हा नाल ठोकायचे. दात आयुष्यभर हिरडीतून बाहेर सरकत राहतात आणि झिजताना कडांना धार येते. त्या वर्षातून एक-दोनदा कानशीने घासाव्या लागतात, नाहीतर गाल सोलवटतात आणि चारा नीट चावला जात नाही. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो, तेव्हा ती लस चुकवून चालत नाही. जंतांचं औषध, खोगिराची शिलाई, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचे पगार हे तर आहेच. तुमच्या मुलाची परीक्षा असो, लग्नकार्य असो, सर्दी असो, यातलं काहीही थांबत नाही.

आता त्या सकाळच्या निरोपाकडे येतो, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

घोड्याचं पोट त्याच्या अंगाच्या मानाने लहान असतं, आणि घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे. ते अडलं की पोटशूळ, आणि पोटशुळाने धडधाकट घोडाही दगावू शकतो. म्हणून चंदी खाऊन निदान तासभर होईपर्यंत आम्ही घोड्यावर कुणालाच बसवत नाही. म्हणजे नऊच्या वर्गासाठी घोड्याची सकाळ फार आधीच सुरू झालेली असते. वैरण, पाणी, चंदी, मग खरारा (अंग घासून साफ करणं), मग चारही खूर साफ करणं, मग पाठ आणि तंगाची (खोगीर बांधायच्या पट्ट्याची) जागा हाताने चाचपून पाहणं, कुठे सूज किंवा फोड नाही ना. पावणेनऊला "आज नाही येत" असं कळतं तेव्हा खोगीर चढलेलं असतं. ते उतरवायचं, आणि तरीही आमच्यापैकी कुणीतरी त्या घोड्याला फिरवून आणायचंच. चंदी खाऊन नुसत्या उभ्या राहिलेल्या घोड्याच्या अंगात दुसऱ्या दिवशी मस्ती असते, आणि तिचा त्रास पुढच्या वर्गातल्या नवशिक्या मुलाला होतो.

मग पुढच्या वेळी दोन तास सलग का नाही? आम्ही हट्टी आहोत म्हणून नव्हे.

शिकाऊ मुलाच्या मांड्यांचे आतले स्नायू अर्ध्या-पाऊण तासात थकतात. मूल ते सांगत नाही, कारण त्याला उतरायचंच नसतं. पण आम्हाला दिसतं. टाचा वर येतात, गुडघे खोगिराला चिमट्यासारखे आवळले जातात, अंग पुढे झुकतं आणि तोल सावरायला मूल लगामाला लटकायला लागतं. तो लगाम जोडलेला असतो घोड्याच्या तोंडातल्या कडियाळ्याला, म्हणजे बिटला. बिट बसतं पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, उघड्या हिरडीवर. तिथे दर पावलाला हिसका बसला की घोडा आधी मान वर टाकतो, मग काही दिवसांनी हिसक्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. असा तोंडाचा कठीण झालेला घोडा पुन्हा मऊ करायला महिने जातात. दुसरा तास तुम्ही विकत घेता, पण त्यात मूल चुकीचीच बैठक घोटतं, आणि ती मोडायला पुढचे दोन तास लागतात. म्हणजे पैसे वाचवायला गेलात आणि तिप्पट घालवलेत.

शिवाय शरीराने शिकायच्या गोष्टी मधे झोप आणि विश्रांती मिळाली की पक्क्या होतात. आठवड्यातून एक वर्ग नेमाने केलेलं मूल, महिन्यातून एकदा येऊन भरपूर वेळ बसणाऱ्या मुलाच्या पुढे जातं. हे आम्ही सतत पाहतो. मोठ्या खंडानंतर आलेल्या मुलाचा पहिला वर्ग मागचं आठवण्यातच जातो, आणि तेव्हा पालक विचारतात, "अजून दुडकीच?" हो, अजून दुडकीच, म्हणजे चालण्याच्या पुढची हलकी धाव.

म्हणून आमचा नियम असा. येणार नसाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत कळवा. त्याच महिन्यात दुसरा दिवस देऊ. सहानंतर कळवलंत तर तो वर्ग झाला असं धरलं जाईल. पण एक पर्याय आहे, आणि तो पुरेसे लोक वापरत नाहीत. मुलाचा गुडघा खरचटलाय, झोप झाली नाही, भीती वाटतेय, अशा वेळी वर्ग रद्द करू नका, मुलाला घेऊनच या. त्या दिवशी ते घोड्यावर बसणार नाही. खरारा करेल, खूर साफ करेल, दोरी धरून घोड्याला चालवेल, थांबवेल, मागे सारेल. या जमिनीवरच्या तासानंतर घोड्यावर न घाबरता बसणारी मुलं आमच्याकडे बरीच आहेत.

पाऊण तासाच्या वर्गात बसणं अर्धाच तास का, याचं उत्तरही इथेच आहे. तंग आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवतात. आमच्याकडची म्हातारी घोडी तर त्यात पटाईत आहे. तंग लागलाय असं वाटून लगेच रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) पाय घातला, की खोगीर मुलासकट एका बाजूला फिरतं. म्हणून मूल तंग आवळतं, घोड्याला चार पावलं चालवतं, तंगाखाली बोटं घालून पाहतं आणि पुन्हा एक भोक वर घेतं. हे मुलानेच करायचं, मोतद्दाराने नव्हे. ही पाच-सात मिनिटं आम्ही फीमधून कापणार नाही. आमच्या मते वर्गातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. चारशे किलोचं जनावर आपल्या आवाजाने आणि हातांनी शांत उभं राहतं, हे दहा वर्षांच्या मुलाला दुसरीकडे कुठे अनुभवायला मिळणार?

"मुलीला झेपेल का?" असं अजूनही विचारलं जातं. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या प्रकारात, स्त्रियांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो १९५२ साली हेलसिंकीला, आणि त्याच वेळी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक जिंकलं. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्याखालच्या पायांत ताकद उरली नव्हती. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा रौप्य मिळवलं. तेव्हा ताकदीची काळजी सोडा. तोल, संयम आणि नेमाने येणं एवढं असलं की पुरतं.

खर्च कमी करायचा असेल तर तो वर्गांत नको, सामानात करा. पहिले काही महिने रायडिंगचे बूट, ब्रीचेस (रायडिंगची खास पँट), हातमोजे यांतलं काहीही घेऊ नका. अंगाला बसणारी, जाड शिवण आतल्या बाजूला न येणारी लांब पँट चालते. बूट मात्र टाचेचा हवा, दीड-दोन सेंटिमीटरची टाच आणि गुळगुळीत तळ. बिनटाचेचे किंवा खोल नक्षीच्या तळाचे खेळाचे बूट घालून आलेल्या मुलाला आम्ही वर बसवत नाही. पडताना पाय रिकिबीत अडकला, की घोडा त्याला फरफटत नेतो. हेल्मेट सुरुवातीला आमचं वापरा. मूल टिकणार असं दिसलं की स्वतःचं घ्या, पण सायकलचं नको. घोड्यावरून पडणं वेगळं असतं आणि त्याची चाचणीही वेगळी असते. आत त्या चाचणीचा, ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ ११६३ असा शिक्का बघा. दुसऱ्याने वापरलेलं घेऊ नका. हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की बाहेर तडा दिसला नाही तरी आतला थर दबलेला असतो, ते बाद करायचं.

आई-बाबांनाही बसायचं असेल तर आनंदच आहे, सकाळचा मोठ्यांचा वर्ग आहेच. फक्त वजन खरं सांगा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतच भार द्यावा असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. चारशे किलोच्या घोड्यासाठी हे ८० किलो झाले, त्यात खोगिराचे सात-आठ आलेच. नव्वद किलोच्या माणसासाठी मोठा घोडा आधीच ठरवून ठेवावा लागतो. आयत्या वेळी तो मोकळा नसतो.

काही जण वर्षभराने म्हणतात, एवढी फी भरण्यापेक्षा घोडाच घेऊ. घोड्याची किंमत हा त्यातला सगळ्यात किरकोळ खर्च आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. वर लिहिलेली यादी तेवढी वर्षं एकट्याने चालवायची. त्यापेक्षा आमची अर्ध-भागीदारी बघा. एकच घोडा दोन कुटुंबांत, प्रत्येकी ठरलेले दिवस, निगा आणि नालबंद आमच्याकडे. निदान सहा महिने नेमाने आलेल्यांनाच ती देतो.

आणि तीन महिने होऊनही मुलाचं मन लागत नसेल, तर आम्हाला सांगा आणि थांबवा. उरलेल्या महिन्यांची आगाऊ भरलेली फी परत देतो. नाराज मूल घोड्याला लगेच कळतं, आणि मग दोघांचेही हाल.

पहिला वर्ग ठरवायला फोन कराल तेव्हा मुलाचं वय, उंची आणि वजन सांगा. आम्ही साधारण सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना घेतो. दमा, फिट, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, घोड्याच्या केसांची किंवा गवताची ॲलर्जी असेल तर तेही त्याच फोनवर सांगा, वर्गाच्या दारात नको. लांब केस खाली बांधलेले, खिसे रिकामे, गळ्यात काही लोंबणारं नाही, असं मूल वर्गाच्या पंधरा मिनिटं आधी पागेत पोचलं पाहिजे. घोड्यामागे धावायचं नाही, एवढं घरूनच सांगून आणा; बाकी आम्ही शिकवतो.