'ऑलदो' आला की मागोमाग 'बट' का येतो?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक नोटीस लागली. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना पाण्याच्या नोटिशींचं अप्रूप नाही, पण ही नोटीस दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती. मजकूर एका ओळीचा: 'ऑलदो टँक क्लीनिंग इज ओव्हर बट वॉटर विल कम आफ्टर ५ पीएम.' कुणीतरी फोटोतल्या 'बट'भोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'सेक्रेटरींना आधी इंग्लिश शिकवा.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मला त्या हसण्याचा राग आला. सेक्रेटरी काका निवृत्तीनंतर एक पैसा न घेता सगळ्या इमारतीचं काम बघतात, हे एक कारण. दुसरं असं की तो 'बट' अडाणीपणातून आलेलाच नाही. मराठीत वाक्यं कशी जोडली जातात याचा तो सरळ पुरावा आहे.

शाळेतलं व्याकरण थोडं आठवू. दोन वाक्यं जोडणारा शब्द म्हणजे उभयान्वयी अव्यय. 'आणि', 'पण', 'किंवा' यांनी जोडलेली वाक्यं बरोबरीची असतात, त्यांचं मिळून संयुक्त वाक्य होतं. 'जर-तर', 'जरी-तरी' आले की एक वाक्य मुख्य आणि दुसरं त्याच्यावर अवलंबून, म्हणजे मिश्र वाक्य. इंग्रजीतही हेच दोन गट आहेत. 'अँड', 'बट', 'ऑर' बरोबरीचे. 'इफ', 'ऑलदो', 'बिकॉज', 'व्हेन', 'व्हाइल' गौणत्वाचे.

आता एक प्रयोग करा. 'जर पाऊस पडला तर गाडी लेट होईल.' यातला 'जर' काढा. 'पाऊस पडला तर गाडी लेट होईल.' काही बिघडलं नाही. उलट ठाणे स्टेशनवर माणसं असंच बोलतात. आता 'जर' ठेवा आणि 'तर' काढा. 'जर पाऊस पडला, गाडी लेट होईल.' अर्थ कळतो, पण वाक्य लंगडतं. 'जरी-तरी'चंही तसंच. 'दमलो होतो तरी चालत गेलो' हे पूर्ण वाक्य आहे. 'जरी दमलो होतो, चालत गेलो' म्हटलं की समोरचा 'तरी'ची वाट बघत राहतो. 'जेव्हा-तेव्हा'तही बहुतेकदा पहिलाच शब्द गळतो: 'मी उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता.'

इंग्रजीत नेमकं उलटं. 'इफ इट रेन्स, द ट्रेन विल बी लेट.' यात 'देन' घातला काय, न घातला काय, सारखंच. पण 'इफ' काढून नुसता 'देन' ठेवला तर वाक्य मोडतं. म्हणजे दोन्ही भाषांना गौण वाक्य बांधायला कडी लागते, फक्त ती लावायची जागा वेगळी. मराठीची कडी दोन डब्यांच्या मधोमध, जोडावर असते. इंग्रजीची पहिल्या डब्याच्या तोंडाशी. मराठीत पुढची कडी ऐच्छिक आणि जोडावरची सक्तीची. इंग्रजीत पुढची सक्तीची आणि जोडावरची ऐच्छिक, किंवा नाहीच.

मला या एका गोष्टीचं विलक्षण आकर्षण आहे, कारण तिच्यामुळे नोटीस आपोआप उलगडते. काकांनी 'ऑलदो' लिहिला, टाकीसफाई संपल्याचं सांगितलं आणि लिहिता लिहिता जोडापाशी आले. तिथे मराठी हाताला 'तरी' हवाच. इंग्रजीत 'ऑलदो'साठी तशी ठरलेली जोडी नाही, मग जवळचा शब्द आला, 'बट'. चिनीतही 'जरी'च्या अर्थाच्या शब्दामागे 'पण'च्या अर्थाचा शब्द जोडीने येतो, आणि चिनी विद्यार्थीही इंग्रजीत हीच चूक करतात. हजारो मैलांवरची दोन माणसं एकाच जागी अडखळत असतील तर कारण त्यांच्या हुशारीत शोधायचं नसतं, भाषेच्या बांधणीत शोधायचं असतं.

मग 'बट' आला तर इंग्रजीचं नेमकं बिघडतं काय? इथे थोडं सावकाश वाचा. गौण वाक्य जागा बदलू शकतं. 'ऑलदो'चा तुकडा उचलून शेवटी ठेवला, 'वॉटर विल कम आफ्टर फाइव्ह ऑलदो टँक क्लीनिंग इज ओव्हर', तरी अर्थ शाबूत राहतो. 'बट'चा तुकडा उचलून पुढे आणून बघा: 'बट वॉटर विल कम आफ्टर फाइव्ह, टँक क्लीनिंग इज ओव्हर.' वाक्य कोसळलं. 'बट' दोन बरोबरीच्या वाक्यांमध्येच बसतो, जागचा हलत नाही. आता दोघांना एकत्र आणा. 'ऑलदो' सांगतो, मी दुय्यम आहे, मुख्य वाक्य पुढे येतंय. 'बट' सांगतो, माझ्या आधी एक स्वतंत्र वाक्य होऊन गेलंय. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकत नाही. यावर उपाय दोन: 'ऑलदो' ठेवून 'बट' काढायचा, नाहीतर 'बट' ठेवून 'ऑलदो' काढायचा. 'स्टिल' किंवा 'यट' मात्र 'ऑलदो'सोबत चालतात, कारण तिथे ते क्रियाविशेषणाचं काम करतात, जोडायचं नाही.

याच हलवाहलवीतून 'बिकॉजने वाक्य सुरू करायचं नाही' हा शाळेतला नियमही निकालात निघतो. मुख्य वाक्य पाठोपाठ येत असेल तर 'बिकॉज' खुशाल पुढे येऊ शकतो. 'अँड'वरची बंदीही तितकीच पोकळ आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधला, म्हणजे बायबलच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरातला, पहिला अध्याय 31 ओव्यांचा आहे, त्यातल्या 29 'अँड'नेच सुरू होतात.

पण जोडावर शब्दच नसेल तर इंग्रजी वाचणाऱ्याला जोड कळतो कसा? बोलताना आवाजावरून. लिहिताना स्वल्पविरामावरून. हा स्वल्पविराम गाळला की काय होतं ते बघा: 'व्हाइल द बॉय एट द वडापाव फेल ऑन द प्लॅटफॉर्म.' वाचताना आधी मुलाने वडापाव खाल्ला, मग 'फेल', म्हणजे 'पडला', आला आणि सगळं परत जुळवावं लागलं. मुलगा दुसरंच काही खात असेल. वडापाव पडला एवढंच वाक्यात आहे. अशा वाक्यांवर मानसभाषाशास्त्रज्ञ फर्नांडा फरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचं वाक्य शिकारी आणि हरणाचं होतं: माणूस शिकार करत असताना हरीण जंगलात पळालं. वाचून झाल्यावर विचारलं, माणसाने हरणाची शिकार केली का? पुष्कळांनी 'हो' म्हटलं. वाक्याची जुळणी दुरुस्त झाल्यावरही पहिला चुकीचा अर्थ डोक्यात रेंगाळला होता. न फसवणाऱ्या मांडणीत ही चूक बरीच कमी झाली.

मराठीत हा सापळा सहसा लागतच नाही. 'मुलगा खात होता तेव्हा वडापाव फलाटावर पडला.' क्रियापद आलं, 'तेव्हा' आला, पहिलं वाक्य संपलं. स्वल्पविराम द्या किंवा देऊ नका.

ऐरोली-महापेला संगणकासाठी कोड लिहिणाऱ्यांना जोडाचा हा प्रश्न रोज भेटतो. अल्गोल 60 या जुन्या संगणकभाषेत 'इफ'ला 'देन' लागायचाच. पुढे सी भाषेने 'देन' वगळला, पण त्या बदल्यात अट कंसात घालणं सक्तीचं केलं. पायथनमध्ये ते काम अपूर्णविराम करतो. अट कुठे संपली हे यंत्रालाही कुणीतरी सांगावं लागतं.

हे वाचून कुणी लगेच 'म्हणूनच नासाने संगणकासाठी संस्कृत निवडली' हा मेसेज पुढे पाठवू नये. ती अफवा 1985 मध्ये 'एआय मॅगझिन'मध्ये आलेल्या रिक ब्रिग्ज यांच्या लेखावरून वाढवलेली आहे. संस्कृत वैयाकरणांची वाक्याच्या अर्थाची मांडणी आणि संगणकात ज्ञान मांडायची पद्धत यांतलं साम्य त्यांनी दाखवलं होतं. तो अभ्यास म्हणून मोलाचा आहे, त्याला खोट्या कौतुकाची गरज नाही. 'इंग्रजीत विचार करा, बुद्धी वाढेल' म्हणणाऱ्या क्लासच्या जाहिरातीही त्याच माळेतल्या. कडी पुढे लावली म्हणून कुणी हुशार होत नाही आणि मध्ये लावली म्हणून मागे राहत नाही.

संध्याकाळी मी पेन घेऊन खाली गेलो. काका पंपाजवळच उभे होते. मी 'बट' खोडला तसे ते म्हणाले, "अहो, मग 'तरी' कुठे गेला?" मी 'ओव्हर'च्या पुढे स्वल्पविराम दिला आणि त्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून तो नीट पाहिला, माझ्याकडून पेन घेतलं आणि आणखी ठळक केला. मग खाली रिकाम्या जागेत मराठीतही लिहिलं: 'टाकी साफ झाली असली तरी पाणी 5 नंतर येईल.'