जुन्या फेरफारावरून वंशावळ कशी काढायची: कागद कुठे मिळतात आणि अर्जात काय लिहायचे

ब्रिटिश अमदानीतला पणजोबा कागदावर शोधायला निघालेले बहुतेक लोक सातबारा घेऊन बसतात आणि तिथेच अडकतात. सातबारा आजचे मालक दाखवतो. माणसामागून माणूस कसा आला हे सांगतो तो फेरफार, म्हणजे गाव नमुना 6. त्यामुळे शोध आजच्या उताऱ्यावरून सुरू करून एकेक फेरफार मागे जायचे, एवढीच खरी पद्धत आहे. थेट 1890 सालचा कागद मागायला जाल तर रेकॉर्ड कीपर पहिला प्रश्न विचारेल, "सर्व्हे नंबर काय?"

आधी पात्रतेचे बघू, कारण यावरूनच अनेकांना खिडकीवरून परत पाठवले जाते. "जमीन तुमच्या नावावर आहे का?" हा प्रश्न नकलेसाठी गैरलागू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 327 नुसार नकाशे आणि भूमी अभिलेख विहित फी भरून, नियमांच्या अधीन राहून, जनतेला पाहण्यासाठी खुले आहेत आणि अर्ज करणाऱ्याला प्रमाणित नक्कल मिळते. खातेदार असण्याची अट त्यात नाही. नोंदणी अधिनियम 1908 चे कलम 57 ही तसेच: दुय्यम निबंधकाकडील पुस्तक क्रमांक 1 (स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंदवही) आणि त्याच्या सूच्या कुणालाही पाहता येतात. जमीन कधीच विकली गेली असेल, कुळाकडे गेली असेल, तरी नक्कल मागता येते. कलम 327 अर्जातच लिहून टाकावे, वाद वाचतो.

आता मागे कसे जायचे ते. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक असतो, जुन्या हस्तलिखित उताऱ्यात तो वर्तुळात दिसतो. तो फेरफार काढा. वारसाची नोंद असेल तर साधारण असा मजकूर सापडतो: "धोंडू बिन राघू हे मयत झाले, त्यांस वारस मुलगे 1) बाळू 2) गणू व विधवा सगुणा, सबब बाळू यांचे नाव एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून दाखल." या एका ओळीत तीन पिढ्या आहेत. त्यातला मयत खातेदार कोणत्या फेरफाराने आला हे त्या वेळच्या उताऱ्यावर पाहा, मग तो फेरफार मागवा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, आणि 1913 साली ती तरतूद जमीन महसूल कायद्यात आली. फेरफाराचे क्रमांक गावनिहाय चालतात, त्यामुळे फेरफार क्रमांक 1 म्हणजे त्या गावात हक्कनोंद सुरू झाली तो काळ.

वाचताना काही खुणा माहीत हव्यात. कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी केलेले नाव. पणजोबा बहुतेक वेळा कंसातच भेटतो. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मोठ्या भावाचे एकट्याचे नाव दिसले म्हणून बाकीचे भाऊ नव्हते असे नाही. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" किंवा "भ्रतार" असेल तर अमक्याची बायको. आडनाव मात्र बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे आडनावावरून शोधणाऱ्याला वाटते की रेकॉर्डच नाही. आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या नोंदींत मुलींची नावे वारस म्हणून क्वचितच येतात. आत्या, पणजी यांचा माग लागला तर तो "इतर हक्क" या रकान्यात.

दुसरी अडचण नंबरांची. जिथे 1947 च्या एकत्रीकरण कायद्याखाली गटवारी झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर टाकून 1920 सालचा कागद मिळणार नाही. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा 9(3)-9(4) चा उतारा घ्या, त्यावरून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ लागतो. कोकणात बऱ्याच गावांत गटवारी झालीच नाही, तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतात.

हक्कनोंदणीच्याही मागे जायचे असेल तर मूळ मोजणीचे कागद आहेत. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी-आकारणी बसवली, ती पुढे इलाखाभर पसरली. त्यातले सूड, शेतवार पत्रक, बोटखत, आकारबंद हे कागद भूमी अभिलेखकडे मिळतात. यांतल्या काहींत खातेदाराचे नाव येते, वारस येत नाहीत. म्हणून हे फेरफाराला जोड म्हणून वापरायचे. जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, तहसीलच्या अभिलेख कक्षात मागावे. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदीत बापाचे नाव आणि जात, दोन्ही असतात.

घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल तर तुमचे काम निम्मे झाले. 1852 च्या इनाम कमिशनपुढे इनामदारांना हक्क सिद्ध करावा लागला, त्यासाठी कैफियती आणि वंशावळी दाखल झाल्या. पुढे 1874 च्या वतन कायद्याखालच्या वादांतही तेच. हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, जुन्या पेशवे दफ्तरात, मोडीतल्या रुमालांमध्ये (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये) आहेत. पाटील-कुलकर्ण्यांचीच नव्हे, महार वतनाचीही नोंद याच साखळीत शोधावी. 1958 च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्याच्या वेळच्या फेरफारांत वतनदारांची नावे मिळतात. उलट कुटुंब कूळ असेल तर मालकाच्या रकान्यात पाहून निराश होऊ नका. वहिवाटदाराचा रकाना पाहा आणि 1 एप्रिल 1957 नंतरचे कूळ कायद्याच्या कलम 32-ग चे निकाल मागवा.

मराठवाड्यात निजामाचा अंमल होता, तिथली साखळी वेगळी. बरेच जुने कागद उर्दूत, वर्ष फसली (तिथली महसुली कालगणना). फसलीत 590 मिळवले की इसवी सन साधारण मिळतो. 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक हा तिथला पहिला टप्पा, तर नागपूरकडे त्याच काळातला अधिकार अभिलेख.

अर्ज साधाच असतो. तहसीलदार किंवा उपअधीक्षक यांच्या नावे, त्यात गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर, कागदाचा प्रकार, फेरफार क्रमांक आणि वर्ष. "1900 ते 1950 मधील सर्व नोंदी" असे लिहू नका. असा अर्ज बाजूला पडतो. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, ओळखपत्राची प्रत, चालू सातबारा जोडा आणि पोच घ्या. बऱ्याच तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन झाले आहेत, ते "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर गाव आणि नंबर टाकून आधी बघावेत, खेप वाचते. मोडी कागद मिळाला तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, आणि मूळ नक्कल प्रमाणित असल्याची खात्री करा.

जातीच्या दाखल्यासाठी हे करत असाल तर मानीव दिनांकाआधीचा, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. अर्जासोबत वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यातला प्रत्येक दुवा फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला किंवा मृत्यूचा दाखला यांनी जोडलेला हवा. मधला एक बाप निसटला की जात पडताळणी समिती तिथेच बोट ठेवते.

पणजोबाचे नाव सापडले म्हणून जमिनीत हिस्सा मिळत नाही, हे भावकीला आधीच सांगून ठेवा. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा निकाल नव्हे.

"रेकॉर्ड जीर्ण झाले", "आढळून येत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले तर तेच लेखी मागा. लेखी देत नसतील तर 10 रुपये फी भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, नाही दिले तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करता येते. "अभिलेख उपलब्ध नाही" असा शिक्क्यासह दाखला हाती असला की दुसऱ्या पुराव्याचा आग्रह समितीपुढे धरता येतो.