आजी माणसं विसरते, गाणं विसरत नाही

मागच्या कोजागिरीला आमच्या अंगणात भुलाबाई, म्हणजे पोरींचा गाण्यांचा सण, मांडली होती. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलोजी-भुलाबाई, आणि पोरींच्या हातात टिपऱ्या. ऐंशी ओलांडलेली माझी आजी बाजूला खाटेवर बसली होती. दुपारीच तिनं मला विचारलं होतं, "तू कोनाची वं पोरगी?" दोन वर्षं झाली, तिला घरची माणसं ओळखू येत नाहीत. पण पोरींनी कारल्याच्या वेलाचं गाणं धरलं आणि आजी त्यांच्याही पुढं निघाली. बी पेरलं, कोंब आला, वेल चढला, फूल लागलं, कारलं आलं, भाजी झाली. एक पायरी चुकली नाही. गाणं संपल्यावर मी विचारलं, "आजी, फूल लागल्यावर काय येते?" ती नुसती बघत राहिली. पहिल्यापासून म्हणायला लावलं तेव्हा बरोबर त्या जागी शब्द आला.

मौखिक परंपरेतल्या गाण्यांचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांचं म्हणणं याच्याशी जुळतं. अशा गाण्यातला शब्द यमकानं, ठेक्यानं आणि अर्थानं असा तिन्ही बाजूंनी बांधलेला असतो, म्हणून चुकायला जागाच थोडी उरते. आणि एक ओळ म्हटली की तीच पुढची ओळ काढून देते. या गाण्यात सुनेला माहेरी जायचं असतं आणि सासू दर वेळी नवी अट घालते. पण अटींचा क्रम पेरणीपासून भाजीपर्यंतचा आहे. शेतकऱ्याच्या घरात तो कुणाला शिकवावा लागत नाही. जात्यावर, निंदणात बायकांनी गाणी रचली ती कागदाशिवाय. जे तोंडात बसलं नाही ते गळून गेलं. आपल्यापर्यंत आलंय ते पिढ्यानपिढ्या घासून गुळगुळीत झालेलं.

मेंदूचं काय? जर्मनीत लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आधी निरोगी तरुणांमध्ये, जुनी ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे कोणते भाग जागे होतात ते पाहिलं. मग अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत तेच भाग तपासले. २०१५ साली आलेला निष्कर्ष असा, की बाकीच्या मेंदूच्या मानानं या भागांची झीज बरीच कमी होती. त्यातला एक भाग हालचालींची आखणी करणारा आहे. हे वाचलं तेव्हा मला आजीची बोटं आठवली. त्या रात्री तिच्या हातात टिपरी नव्हती, तरी बोटं खाटेच्या माच्यावर ठेका धरून होती.

सिनेमाच्या गाण्यांची वाट थोडी वेगळी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीनच मिनिटं मावायची, म्हणून गाणं आटोपशीर झालं. १९५२च्या सुमारास आकाशवाणीनं सिनेसंगीत जवळजवळ बंद केलं, तेव्हा लोकांनी रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींचा आवाज गावोगाव पोचला तो तिथूनच. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली. आमच्या वावरात धुऱ्यावरच्या निंबाला बाबांचा ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा आणि कापूस वेचणाऱ्या बाया ओटीत बोंडं टाकत त्याच्यासोबत गुणगुणायच्या. वारंवार कानावर पडलेलं आवडू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. पुढं २०११मध्ये कॅनडातल्या संशोधकांना आढळलं, की गाण्यातली आवडीची जागा येण्याच्या आधीच, नुसत्या वाट पाहण्यानं मेंदूत डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं. म्हणजे गाणं पाठ असणं हाच त्याच्या गोडीचा एक भाग आहे.

पोरवयात आणि तरुणपणी ऐकलेली गाणी आयुष्यभर सर्वांत जवळची राहतात, हेही पुष्कळदा दिसून आलंय. पण मग माझ्या जन्माआधीची, बाबांच्या तरुणपणातली गाणी ऐकून माझा गळा का दाटतो? अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रुमहान्सल यांनी २०१३मध्ये विशीतल्या मुलांना निरनिराळ्या दशकांतली गाणी ऐकवली. आपल्या काळातल्या गाण्यांशिवाय आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. घरात वाजलेलं गाणं पोरांच्या लहानपणाचा भाग होऊन जातं. मला त्या निंबाखालचा ट्रान्झिस्टर आठवतो आणि हे मनोमन पटतं.

यंदाही भुलाबाई मांडायची आहे. पणजीला मधूनच काही विचारायचं नाही, असं लेकीला सांगून ठेवलंय. टिपरी तिच्या हातात द्यायची आणि पहिल्या ओळीपासून सुरू करायचं.