उसन्या विषाचा नारिंगी काठ

क्रोमोडोरिस क्वाड्रिकलरचा फोटो कुणालाही दाखवा, हमखास ऐकू येतं, ‘रंग संगणकावर भरलेत!’ नाही हो. तांबड्या समुद्रातल्या प्रवाळांवर सरपटणारी ही चारेक सेंटिमीटरची बिनशंखाची गोगलगाय खरंच तशी दिसते. अंगावर काळे, पांढरे-निळसर उभे पट्टे, भोवती शालीला असावा तसा नारिंगी काठ आणि पाठीवर उघड्या कल्ल्यांचा तुरा. तिचे डोळे उजेड-अंधार ओळखण्यापुरतेच, त्यामुळे हा थाट तिला स्वतःला दिसत नाही. तो आहे माशांसाठी: ‘खाऊ नका, पस्तावाल.’

ती नेगोम्बाटा मॅग्निफिका नावाचा लाल स्पंज खाते. हा स्पंज पाण्यात पिळला की लालसर द्रव सुटतो आणि आसपासचे मासे धूम ठोकतात. काचेच्या टाकीत पळायला जागा नसते. तिथे काही मिनिटांत मरतात. या स्पंजातून वेगळं काढलेलं विष म्हणजे लॅट्रन्क्युलिन.

आता खरी गंमत. पेशीला आकार देणारे आणि स्नायू आखडायला लागणारे धागे अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे असतात. धागा म्हणजे माळच, पण कधीच पुरी न होणारी. एका टोकाला अ‍ॅक्टिनचे मणी ओवले जातात, दुसऱ्या टोकाने गळतात, गळलेले पुन्हा ओवले जातात. प्रत्येक मण्याला एक खाच असते, तिच्यात एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसतं. लॅट्रन्क्युलिन नेमकं या खाचेजवळ चिकटतं, एका मण्याला एक रेणू. असा जखडलेला मणी ओवला जात नाही. म्हणजे माळ कुणी तोडत नाही. गळणं चालू राहतं, ओवणं तेवढं थांबतं. बघता बघता माळ संपते आणि पसरलेली पेशी आकसून गोल होते. पेशीतलं एखादं काम अ‍ॅक्टिनवर चालतं का, हे तपासायला जीवशास्त्रज्ञ आज हेच विष वापरतात.

(‘पेशी मारतं, म्हणजे कॅन्सरवर रामबाण!’ असली उडी मारू नये. अ‍ॅक्टिन निरोगी पेशीतही तेच असतं.)

मग गोगलगाय कशी जगते? अ‍ॅक्टिन तर तिच्याही स्नायूंत आहे. निदान विष ती कुठे ठेवते, त्याचा धागा मिळतो. क्रोमोडोरिसच्याच पाच भावंड-प्रजाती तपासून २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की स्पंजातून आलेली इतर रसायनं आतड्या-कोठ्यात सापडतात. पाठीवरच्या त्या शालीच्या काठात मात्र एकच साठवलेलं असतं, लॅट्रन्क्युलिनचा एक प्रकार, लॅट्रन्क्युलिन ए.