ठिणगी दिसली म्हणजे इग्निशन ठीक?

पावसाळ्यात फोंडा-म्हापशाकडे जुनी पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती 800 अडली की एक ठरलेली चाचणी होते. स्पार्क प्लग काढायचा, वायर लावूनच बॉडीला टेकवायचा, स्टार्टर मारायचा. ठिणगी दिसली की निकाल लागतो: ‘करंट आहे, लफडं पेट्रोलचं.’ मग चांगला कार्ब्युरेटर उगाच खोलला जातो. हे थांबायला हवं.

प्लगच्या फटीतून उघड्या हवेत ठिणगी पडायला काही हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र दाबलेली हवा असते. दाब वाढला की त्याच फटीसाठी कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल (बॅटरीच्या करंटपासून ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारा भाग) बाहेर ठिणगी देईल, आत देणार नाही. म्हणून प्लगऐवजी साधारण 6 मिमी फटीचा स्पार्क टेस्टर लावा. तिथे दणकट निळी ठिणगी उडाली, तरच कॉइलवर विश्वास ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका.

आपल्याकडच्या दमट, खारट हवेत मी आधी डिस्ट्रिब्युटर कॅप, म्हणजे कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणाऱ्या भागाचं झाकण, उघडतो. आत ओल असेल तर कोरड्या कापडाने पुसा. पण भेगेसारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिच्यावरूनच पळतोय. पुसून भागत नाही, कॅप बदलावीच लागते. प्लगच्या वायरी अंधारात बघा, गळती निळसर चमकते.

पॉइंटवाल्या (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेल्या) गाडीत कॉइलच्या निगेटिव्हला टेस्ट लॅम्प लावून स्टार्टर मारा. दिवा उघडझाप करत नसेल तर पॉइंट घासून फट सुमारे 0.4 मिमी ठेवा.