कास्तियोंचा हल्ला आणि टॅलबट घराण्याचा वारसातंटा

फ्रान्सशी झालेल्या शतवार्षिक युद्धातला इंग्रज सेनापती जॉन टॅलबट घरातला दुसरा मुलगा. पहिल्या लग्नातून शेफील्डची जहागीर आली, भाऊ आणि लहान पुतणी गेल्यावर १४२१मध्ये घरचीही आली. १४४२मध्ये तो श्रूजबरीचा अर्ल झाला. १४२५च्या दुसऱ्या लग्नातून मात्र मालमत्तेपेक्षा जास्त भांडण आलं. बायकोचा आजा, बर्कलीचा लॉर्ड, १४१७मध्ये वारला. मागे एकच मुलगी. बर्कलीचा किल्ला गेला त्या लॉर्डच्या पुतण्याकडे, कारण जमीन पुरुष वंशाला बांधलेली होती. मुलीच्या वंशजांनी ते कधीच मान्य केलं नाही. अर्लपद पहिल्या बायकोच्या मुलालाच मिळणार होतं, म्हणून दुसरीच्या थोरल्या मुलासाठी लाइलची वेगळी सरदारकी मिळवली गेली.

१७ जुलै १४५३ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या कास्तियोंला हाच मुलगा बापाबरोबर होता. फ्रेंचांनी त्या गावाला वेढा घातला होता आणि टॅलबट तो मोडायला आला होता. त्या दिवसाचा हल्ला म्हातारपणीचा उतावळेपणा होता, असं सरसकट लिहिलं जातं. ते अपुरं आहे. रातोरात कूच करून झोपेतल्या शत्रूवर पडायचं, ही टॅलबटची जुनीच रीत. पहाटे मठातली फ्रेंच तुकडी त्याने तशीच कापून काढली. मग बातमी आली की फ्रेंचांच्या मुख्य छावणीतून धूळ उठतेय, शत्रू पळतोय. प्रत्यक्षात बाहेर काढले होते ते घोडे आणि बाजारबुणगे. मागून येणाऱ्या पायदळाची वाट न पाहता त्याने हल्ला चढवला. समोर ओढ्याच्या जुन्या पात्राला लागून खणलेला खंदक, मातीचा बांध आणि लहानमोठ्या सुमारे तीनशे तोफा होत्या. तुकड्या जशा येतील तशा त्या तोंडावर गेल्या, नंतर फ्रेंचांच्या बाजूचे ब्रेटन घोडेस्वार बगलेवर कोसळले. घोडा पडला, टॅलबट त्याखाली अडकला आणि कुऱ्हाडीने मारला गेला. फ्रेंच राजाविरुद्ध चिलखत न घालण्याची शपथ त्याने फ्रेंचांच्या कैदेतून सुटताना घेतली होती, ती त्याने पाळली. त्याच्या दूताने प्रेत ओळखलं ते पडलेल्या दातावरून. चूक झाली ती खबर पडताळली नाही इथे; धाडसाला दोष देण्यात अर्थ नाही.

मुलगाही तिथेच पडला. १४५२मध्ये बर्कलीची लेडी, म्हणजे किल्ला मिळालेल्या त्या पुतण्याची बायको, टॅलबटच्या बायकोच्या कैदेत, ग्लॉस्टरच्या किल्ल्यात मेली होती. ते वैर आता टॅलबटच्या नातवाकडे, कास्तियोंला पडलेल्या मुलाच्या मुलाकडे आलं. विशीच्या आसपासच्या त्या नातवाने तेव्हाच्या लॉर्ड बर्कलीला मैदानात येण्याचं आव्हान दिलं. दुसऱ्याच दिवशी, २० मार्च १४७० रोजी, निब्ली ग्रीनवर त्याच्या तोंडावर बाण लागला आणि खंजिराने त्याला संपवलं. त्याला मूलबाळ नव्हतं. जमिनींचा खटला मात्र बहिणींच्या वंशात चालत राहिला आणि १६०९मध्ये मिटला.