खगोलचित्रकला

ग्रह किंवा उपग्रह यांच्या पृष्ठभागावर उभ्या असलेल्या निरीक्षकास दिसतील अशी दृश्ये, उपलब्ध वैज्ञानिक माहितीवरून तर्काने रंगविण्याची कला. दुर्बिणीतून जे दिसते त्याची नोंद करणारी रेखाटने तिला पोषक ठरली. पण ती तिच्यात मोडत नाहीत. ए. एल. ट्रूव्हलो यांची सूर्य, गुरू, शनी इत्यादींची रंगीत शिलामुद्रणे (१८८१–८२) अप्रतिम आहेत, मात्र त्यांत चित्रकार पृथ्वीवरच उभा आहे. कोणार्क येथील नवग्रहपट्टासारखी शिल्पेही येथे अभिप्रेत नाहीत. तेथे ग्रह ही देवता आहे, जागा नव्हे. म्हणून तर त्या पंक्तीत राहू-केतूही बसतात.

या कलेचा प्रारंभ कोठे मानावा याविषयी मतभेद संभवतो. बोलोन्याचा चित्रकार दोनातो क्रेती याने १७११ मध्ये पोप अकरावा क्लेमेंट याच्यासाठी काढलेल्या आठ लहान चित्रांत (आता व्हॅटिकन संग्रहात) सूर्य, चंद्र, तेव्हा ज्ञात असलेले पाच ग्रह व धूमकेतू अवाढव्य आकारात आकाशात लटकलेले दिसतात. परंतु खालची झाडी, टेकड्या आणि दुर्बिणी घेतलेली माणसे इटलीतलीच आहेत. ज्यूल व्हेर्नच्या चंद्रप्रवासकथांसाठी बायार व द नव्हील यांनी केलेली चित्रे (सु. १८७०) परग्रहभूमीच्या अधिक जवळ येतात, पण त्यांचा हेतू कथेला साथ देण्याचा. त्यापेक्षा जेम्स नेस्मिथ व जेम्स कार्पेंटर यांच्या चंद्रविषयक ग्रंथापासून (१८७४) आरंभ मानणे सयुक्तिक वाटते. कारण दृश्य आधी मोजायचे आणि मग घडवायचे, ही पद्धत त्यात स्पष्टपणे दिसते. नेस्मिथ हे वाफेच्या घणाचे जनक, पेशाने अभियंता. त्यांनी दुर्बिणीतून वर्षानुवर्षे रेखाटने केली, त्यांवरून प्लास्टरच्या प्रतिकृती बनविल्या आणि तिरप्या उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे घेतली. आकुंचनामुळे चंद्राच्या पृष्ठावर सुरकुत्यांसारखे डोंगर उठले असावेत, या त्यांच्या मताची कल्पना यावी म्हणून सुरकुतलेला हात आणि सुकलेले सफरचंद यांची छायाचित्रेही ग्रंथात आहेत.

चंद्रावरील डोंगर : नेस्मिथ यांच्या प्रतिकृतींतील शिखरे सुळक्यांसारखी आहेत, आणि पुढील जवळजवळ शंभर वर्षे बहुतेक चित्रकारांनी चंद्र तसाच रंगविला. त्यामागे दोन कारणे होती. चंद्रावर हवा-पाणी नाही, म्हणजे झीज नाही, म्हणजे कडा धारदारच राहिल्या असणार, हे एक. दुसरे, प्रकाश-अंधाराच्या सीमेजवळ सूर्य क्षितिजालगत असल्याने बेताच्या उंचवट्याचीही सावली लांब व टोकदार पडते, आणि सावलीवरून डोंगराचा आकार ताडण्याचा मोह होतो. उंची मोजण्यास सावली उत्तम. उताराचा आकार ती सांगत नाही.

ल्यूस्याँ र्‍यूदो (१८७४–१९४७) हे नॉर्मंडीतील दाँव्हील येथे स्वतःची वेधशाळा असलेले फ्रेंच खगोलज्ञ व चित्रकार. (नेस्मिथ यांचा ग्रंथ आणि र्‍यूदो यांचा जन्म एकाच वर्षीचा, हा योगायोग.) त्यांनी चंद्रबिंबाची कड पाहिली. तेथे डोंगर काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर बाजूने दिसतात, सावलीची मध्यस्थी लागत नाही. ती कड बोथट व मंद चढउतारांची होती, आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी चंद्राच्या टेकड्या तशाच गोलसर रंगविल्या. हे मत मागे पडले, कारण सुळके चित्रात अधिक शोभतात. १९७१ मध्ये अपोलो-१५ चे अंतराळवीर हॅडली पर्वताच्या पायथ्याशी उतरले, तेव्हा समोर गुळगुळीत उतारांचे डोंगर होते. झीज असतेच, फक्त ती हवा-पाण्याने होत नाही. अब्जावधी वर्षांचा लहानमोठ्या अशनींचा मारा ती करतो. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयातील सुळकेदार चंद्रभूमीचे भव्य भित्तिचित्र (१९५७) कालबाह्य ठरल्याने १९७० मध्ये उतरविण्यात आले. आता ते स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

ते भित्तिचित्र अमेरिकन चित्रकार चेस्ली बोनस्टेल (१८८८–१९८६) यांचे. या कलेला लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय निःसंशय त्यांचेच. वास्तुविशारदाच्या कचेऱ्यांत यथार्थदर्शन आणि हॉलिवुडमध्ये चित्रपटांसाठी पार्श्वदृश्ये रंगविण्याचे तंत्र त्यांनी आत्मसात केले होते. मे १९४४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शनी त्याच्या निरनिराळ्या उपग्रहांवरून कसा दिसेल याची त्यांची चित्रे आली. उपग्रहाचे अंतर आणि शनीचा व्यास माहीत असला की आकाशात तो किती अंश जागा व्यापेल हे गणिताने निघते : मिमासवरून सु. ३८ अंश, टायटनवरून साडेपाच अंशांहून थोडे अधिक, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या सुमारे अकरापट रुंद. टायटनची कक्षा शनीच्या विषुववृत्तीय प्रतलात असल्याने तेथून कडी मात्र रेघेसारखी दिसायला हवीत. पुढे विज्ञानलेखक विली लाय, अग्निबाणतज्ञ व्हेर्नर फोन ब्राउन इत्यादींच्या लेखनासाठीही बोनस्टेल यांनी चित्रे काढली.

टायटनवरील निळ्या आकाशाचे त्यांचे चित्र सर्वांत गाजले. टायटनला वातावरण असावे असा कयास स्पॅनिश खगोलज्ञ कोमास सोला यांनी १९०७ मधील वेधांवरून केला होता. खगोलज्ञ जेरार्ड कायपर यांनी टायटनच्या वर्णपटात मिथेन ओळखला, पण तो निबंध १९४४ च्या अखेरीस, म्हणजे चित्रानंतर प्रसिद्ध झाला. त्यामुळे निळ्या रंगाचे श्रेय त्या निबंधाला थेट देता येत नाही. स्वच्छ वायूत निळा प्रकाश अधिक विखुरतो, एवढे तत्त्व चित्रकाराला पुरेसे होते. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ ला मात्र नारिंगी धुक्याने वेढलेला गोळा दिसला आणि १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान त्या धुक्यातून खाली उतरले. तेथे पाण्याच्या बर्फाचे गोटे आहेत, तापमान सु. –१७९° से. आहे. दृश्य प्रकाशात शनी तेथून दिसणे शक्य नाही.

आकाश पृथ्वीसारखे निळे मानण्याच्या या मोहातून छायाचित्रही सुटत नाही. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग-१ ने मंगळावरून पाठविलेले पहिले रंगीत चित्र प्रथम निळ्या आकाशासह दाखविले गेले. रंगमापन तपासल्यावर आकाश धुळीने पिवळट-गुलाबी असल्याचे ठरले.

सूर्यकुलाबाहेरील ग्रह : सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह १९९५ मध्ये सापडल्यापासून (५१ पेगासी बी) या कलेचे क्षेत्र वाढले, आधार मात्र आटला. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती घटतो यावरून त्रिज्या, ताऱ्याच्या डुलण्यावरून वस्तुमान, दोहोंवरून घनता मिळते. समुद्र, ढग व डोंगर चित्रकार घालतो. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या सात ग्रहांची २०१७ मध्ये जगभर छापली गेलेली चित्रे याच प्रकारची होत. त्यांतील सर्वांत आतल्या ग्रहाची दिवसाची बाजू सु. २३०° से. असून तेथे दाट वातावरण नसावे, असे २०२३ मध्ये वेब दुर्बिणीच्या वेधांवरून दिसले. रंग प्रत्यक्ष मोजला गेल्याची उदाहरणे तुरळक आहेत. एचडी १८९७३३ बी हा ग्रह गडद निळा असल्याचे हबल दुर्बिणीच्या वेधांवरून २०१३ मध्ये सांगण्यात आले. हा रंग पाण्याचा नसून वातावरणातील सिलिकेट कणांमुळे असावा.

आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघटनेच्या २०१९ च्या उपक्रमात भारताच्या वाट्याला आलेल्या एचडी ८६०८१ या ताऱ्याला भौतिकीविज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ आणि त्याच्या ग्रहाला ‘संतमस’ असे नाव मिळाले. या नावाचा अर्थ ‘मेघाच्छादित’ असा देतात व तो ग्रहाच्या वातावरणाला उद्देशून आहे. अमरकोशात मात्र संतमस म्हणजे सर्वत्र पसरलेला अंधार.